केंद्रीय मंत्र्यांना वाहतुकीविषयी विचारताना कोकणाने नेमके काय विचारावे?

लांजेकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या लांजा तालुक्यातील काही गावांनी मिळून येत्या संसद अधिवेशनापूर्वी खासदारांना वाहतुकीविषयीचे प्रश्न लेखी द्यायचे ठरवले आहे, आणि त्यांचा मसुदा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तयारी म्हणून मुंबई-गोवा महामार्ग, कोकण रेल्वे आणि सागरमाला ही केंद्राची बंदरविकास योजना यांविषयी मंत्र्यांनी दोन्ही सभागृहांत दिलेली जुनी उत्तरे मी संसदेच्या संकेतस्थळावर वाचतो आहे. उत्तरे सभ्य आणि व्यवस्थित असतात, त्यांत किलोमीटर असतात, कोटी असतात. परंतु वाचून संपल्यावर आमच्या गावातील माणसाला जे जाणून घ्यायचे असते ते बहुधा हाती लागलेले नसते. याचे कारण उत्तर देणाऱ्यापेक्षा विचारणाऱ्याच्या शब्दांत अधिक असावे, असे मला वाटू लागले आहे.

आमची अडचण अशी आहे. एखाद्या आजारी माणसाला मुंबईला न्यायचे असेल तर घरापासून निघणारा रस्ता जिल्हा परिषदेचा, पुढचा महामार्ग केंद्राचा, मधली एसटी राज्याची आणि गाडी कोकण रेल्वेची. तालुक्यातील आडवली आणि विलवडे ही दोन्ही स्थानके लांजा शहरापासून कित्येक किलोमीटर दूर असल्यामुळे रात्री-अपरात्री गाडीतून उतरलेल्या प्रवाशाची खरी परीक्षा स्थानकाबाहेर सुरू होते. प्रवास एक आहे, पण त्याला जबाबदार असणारे चौघे आहेत, आणि प्रत्येकाला विचारले तर तो आपल्या वाट्याचे उत्तर देऊन मोकळा होतो.

म्हणून जाणकारांना विचारतो. प्रश्न तारांकित असावा की अतारांकित? कोणता मुद्दा कोणत्या मंत्रालयाकडे न्यावा? आणि हा सगळा प्रवास एकत्र धरून पाहणारे राष्ट्रीय धोरण आज अस्तित्वात आहे का, की ज्याच्याविषयी मंत्र्यांना थेट जाब विचारता येईल?

पटलवाचक

लांजेकर, आपण मसुद्याआधी जुनी उत्तरे वाचायला घेतलीत हे फार चांगले केलेत. बहुतेक निवेदने ती न वाचता लिहिली जातात आणि म्हणूनच त्यांना तीच उत्तरे पुन्हा मिळतात. विधिमंडळाच्या कामकाजाशी माझा अनेक वर्षे संबंध आला. संसदेचे नियम थोडे वेगळे असले तरी तत्त्व एकच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताचे उत्तर लेखी येते आणि तिथे पूरक प्रश्नाला वाव नसतो. ऐकताना तारांकित अधिक वजनदार वाटतो, परंतु वीसपैकी मोजक्याच प्रश्नांपर्यंत सभागृह एका तासात पोहोचते, आणि यादीतील क्रम चिठ्ठीने ठरत असल्यामुळे आपला प्रश्न वर येईलच याची शाश्वती नसते. आकडे, तारखा आणि टप्पे हवे असतील तर अतारांकित प्रश्नच द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. ते उत्तर हाती आल्यावर पुढच्या अधिवेशनात त्याच उत्तराचा क्रमांक आणि दिनांक देऊन तारांकित प्रश्न विचारावा. मंत्र्यांच्या स्वतःच्या लेखी उत्तरावर उभा असलेला पूरक प्रश्न टाळणे कोणालाही अवघड जाते.

आता शब्दांविषयी. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न साधारणपणे दीडशे शब्दांहून मोठा नसावा, त्यात युक्तिवाद, आरोप किंवा उपरोध नसावा, मंत्र्यांचे मत मागितलेले नसावे, आणि जी बाब मुख्यतः भारत सरकारच्या अखत्यारीत नाही तिच्याविषयी तो नसावा. आणखी एक अट आपल्या विषयाला थेट लागू पडते : उत्तराच्या मर्यादेत मावणार नाही इतका मोठा धोरणात्मक प्रश्न स्वीकारला जात नाही. म्हणजे ‘कोकणाच्या वाहतुकीविषयी सरकारचे धोरण काय आहे’ असे विचारले तर एक तर प्रश्नच नाकारला जाईल, किंवा स्वीकारला गेलाच तर योजनांची नावे असलेला एक परिच्छेद मिळेल. धोरण तपासायचे असेल तर त्या धोरणाने जे करायचे ठरवले आहे त्यातील एक गोष्ट उचलावी आणि ती एका ठिकाणी झाली का, एवढेच विचारावे.

महामार्गाचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे पूर्वीचा १७, हा पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत जातो. त्यातील पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा भाग भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे आणि त्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेतले गेले; इंदापूरपासून झारापपर्यंतचे काम मात्र केंद्रीय मंत्रालयासाठी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा करते, आणि ते वेगवेगळ्या पॅकेजांत विभागलेले आहे. ‘मुंबई-गोवा महामार्ग कधी पूर्ण होणार’ असे विचारले की या सगळ्यांची मिळून एक टक्केवारी येते, आणि ज्या पॅकेजात काम अडले आहे ते त्या सरासरीच्या आड जाते. आपला तालुका कांटे ते वाकेड या पॅकेजात येतो. तेवढेच नाव घ्या. मूळ कराराची पूर्णत्वाची तारीख, किती वेळा आणि कोणत्या कारणाने मुदतवाढ दिली, कंत्राट बदलले असल्यास केव्हा, उरलेली लांबी कोणत्या गावांच्या हद्दीत आहे, आणि पूर्ण झालेल्या भागाचा दोषदायित्व कालावधी (म्हणजे कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत) कधी संपतो, हे विचारा. विलंबाचे कारण म्हणून भूसंपादन सांगितले गेले तर पुढचा प्रश्न तयार ठेवा. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ यातील कलम ‘३अ’ ची अधिसूचना म्हणजे जमीन घेण्याचा इरादा, ‘३ड’ ची म्हणजे जमीन केंद्र शासनाकडे निहित होणे, आणि ‘३ग’ म्हणजे मोबदल्याची निश्चिती. यांपैकी काम नेमके कोणत्या पायरीवर थांबले आहे हे विचारले की ‘भूसंपादन’ या एका शब्दावर उत्तर संपवता येत नाही.

आणि सर्वांत उपयोगाचे शेवटी सांगतो. मंत्र्यांनी ‘बाब विचाराधीन आहे’ किंवा ‘माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असे उत्तर दिले तर निराश होऊ नका. अशी वाक्ये आश्वासन म्हणून नोंदवली जातात, त्यांची पूर्तता साधारण तीन महिन्यांत होणे अपेक्षित असते, आणि ती झाली की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही सभागृहांच्या शासकीय आश्वासन समित्या आहेत. लोकसभेची समिती तर १९५३ पासून आहे. आपण वाचलेल्या जुन्या उत्तरांत अशी वाक्ये कुठे आहेत त्यांची यादी करून खासदारांना द्यावी. माझ्या दृष्टीने नव्या प्रश्नांपेक्षा ती यादी अधिक मोलाची ठरेल.

खाडीकाठ

वरील उत्तरात ‘भारत सरकारच्या अखत्यारीत नाही’ हा मुद्दा आला आहे, त्याला किनाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण आम्हा खाडीकाठच्या लोकांचे प्रश्न तिथेच परत येतात.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग आणि मोठी बंदरे केंद्राच्या सूचीत आहेत. इतर रस्ते, पूल आणि फेरीबोटी राज्याच्या सूचीत आहेत. आणि मोठ्या बंदरांखेरीजची बंदरे समवर्ती सूचीत आहेत. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतची आपली जवळजवळ सगळी लहान बंदरे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कक्षेत येतात. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडले, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेऱ्यांविषयी दिल्लीत विचारले तर ‘ही राज्याची बाब आहे’ एवढेच उत्तर येणार, आणि ते नियमाला धरूनच असेल. रेवस-रेडी सागरी महामार्गाचेही तसेच. तो प्रकल्प महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे, त्यामुळे त्याची जागा विधानसभेतील तारांकित प्रश्नात किंवा लक्षवेधी सूचनेत आहे.

परंतु केंद्राला विचारता येईल असे एक दार आहे आणि त्याचा वापर आपल्याकडे फारच कमी होतो. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ या कायद्याने देशात एकूण १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित झाले, आणि त्यांत आपली अंबा नदी, रेवदंडा खाडी-कुंडलिका, राजपुरी खाडी, बाणकोटची सावित्री, दाभोळ खाडी-वाशिष्ठी आणि जयगड खाडी-शास्त्री यांचा समावेश आहे. एकदा राष्ट्रीय म्हटले की जबाबदारीही राष्ट्रीय होते. अंबेवरून धरमतरपर्यंत बार्जमधून मालाची मोठी ने-आण होते हे सर्वांना दिसते. पण वाशिष्ठी आणि शास्त्री यांचा अभ्यास कोणत्या वर्षी झाला, त्यांत प्रवासी वाहतूक व्यवहार्य ठरली की नाही, गाळ काढण्यासाठी आजवर किती निधी दिला, हे बंदरे, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्र्यांना सरळ विचारता येते. मासेमारी बंदरांचे प्रश्न मात्र या मंत्रालयाकडे नेऊ नयेत, ते मत्स्यव्यवसाय मंत्रालयाकडे जातात. मिरकरवाड्यासारख्या बंदराविषयी चुकीच्या खात्याला विचारले तर अर्धे अधिवेशन पत्रव्यवहारात संपते.

रूळ आणि सह्याद्री

रेल्वेविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो. लांजेकर, आपल्या यादीत रेल्वेचा प्रश्न सर्वांत वर असावा असे मला वाटते, कारण नेमक्या याच काळात तिच्या रचनेत मूलभूत बदल घडतो आहे.

कोकण रेल्वे हा भारतीय रेल्वेचा विभाग नसून १९९० मध्ये स्थापन झालेले स्वतंत्र महामंडळ आहे. केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के भांडवल अशी त्याची मूळ मांडणी होती. रोखे काढून उभारलेल्या पैशांतून, जॉर्ज फर्नांडिस यांच्या पाठबळाने आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली, ९१ बोगदे खोदून आणि लहानमोठे सुमारे दोन हजार पूल बांधून रोहा ते मंगळुरूजवळील ठोकूर हा मार्ग पूर्ण झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी तो संपूर्ण खुला झाला. त्या पिढीने जे उभे केले त्याविषयी मला नितांत आदर आहे. पण महामंडळ असण्याची किंमत आपण आजही देतो. तिकिटासाठी प्रत्यक्षापेक्षा वाढीव अंतर धरले जाते, आणि दुहेरीकरणासारख्या मोठ्या भांडवली कामासाठी अर्थसंकल्पातून विभागीय रेल्वेला मिळतो तसा पैसा मिळत नाही. रोहा ते वीर हा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे महाराष्ट्रात मार्ग एकेरीच आहे. गणपतीत जादा गाड्या सोडल्या की क्रॉसिंगसाठी गाड्या तासन्‌तास का थांबतात, याचे उत्तर त्या एकेरी रुळांत आहे.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम ठेवावे आणि राज्याने गुंतवलेले ३९६ कोटी ५४ लाख रुपये परत मिळावेत, अशा अटी त्यात घातल्या. या अटींत प्रवाशांविषयीची एकही अट नाही याचे मला वाईट वाटले. म्हणून रेल्वेमंत्र्यांना असे विचारावे : विलीनीकरणानंतर वाढीव अंतराची आकारणी बंद होणार का आणि कोणत्या दिनांकापासून, वीरच्या पुढील दुहेरीकरणासाठी कोणत्या टप्प्याला मंजुरी आहे, कोकणचा भाग कोणत्या विभागीय रेल्वेला जोडणार, आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी आज घेतले जाणारे निर्णय उद्या कुठे घेतले जातील. वैभववाडी-कोल्हापूर मार्गाविषयी ‘मंजुरी मिळाली का’ हे विचारू नये, ती जुनी गोष्ट झाली. चालू वर्षाच्या पिंक बुकमध्ये, म्हणजे रेल्वेच्या कामनिहाय तरतुदींच्या पुस्तकात, त्याला किती तरतूद आहे आणि मागील तरतुदीपैकी किती खर्च झाला, एवढेच विचारावे. हजार-लाखाची नाममात्र तरतूद असेल तर ती त्या एका आकड्यात उघडी पडते.

बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते यांनी राजापूर मतदारसंघातून संसदेत जाऊन हा रेल्वेचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. दंडवते १९७७ ते १९७९ या काळात स्वतः रेल्वेमंत्री होते, तरीही रोह्याला गाडी पोहोचायला १९८६ साल उजाडले. एका अधिवेशनात उत्तर मिळाले नाही म्हणून हा विषय सोडू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

देवगडचा बागायतदार

मी आंब्याच्या बाजूने एकच मुद्दा मांडतो. आमची पेटी मार्च ते मे या काळात रात्री ट्रकने वाशीच्या बाजाराकडे निघते, आणि पहाटे किती वाजता पोहोचते यावर तिचा भाव ठरतो. रस्त्याच्या खड्ड्यांत फळ दबते ते बाजारात लगेच दिसत नाही, पिकल्यावर दिसते, आणि तोवर नुकसान कोणाच्या खात्यात घालायचे हे कोणालाच सांगता येत नाही. कोकण रेल्वेने १९९९ पासून ट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा चालवली आहे आणि ती उत्तम कल्पना आहे. मात्र ती मुख्यतः कोलाड, वेर्णे आणि सुरतकल अशा दूरच्या टोकांना जोडणारी आहे. मधल्या बागायती तालुक्यांतला माल डोळ्यांसमोर ठेवून ती आखलेली नाही, आणि कोलाडला उतरलेला ट्रक पुन्हा रस्त्यावरच येतो.

राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले आणि मालवाहतुकीचा खर्च कमी करणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट आहे. हे धोरण वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाकडे आहे, रस्ते किंवा रेल्वे मंत्रालयाकडे नाही, ही गोष्ट आमच्यापैकी अनेकांच्या लक्षात येत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून हंगामात जाणाऱ्या नाशवंत मालाचा खर्च आणि वेळ या धोरणाखाली कधी मोजला गेला आहे का, आणि मोजला असेल तर तो किती भरला, हे त्या मंत्र्यांना विचारावे. जे मोजलेच नाही ते कमी झाले असे कोणी म्हणू शकणार नाही.

एसटीची वाट

स्थानक ते गाव या शेवटच्या टप्प्याविषयी थोडक्यात. एसटी राज्याची असल्यामुळे त्या फेऱ्यांचा प्रश्न दिल्लीत चालणार नाही. तो आगार व्यवस्थापक, विभाग नियंत्रक आणि नंतर आमदार या क्रमानेच न्यावा. रेल्वेने वेळापत्रक बदलले की एसटीने फेरी बदलायला हवी. पावसाळी वेळापत्रकाच्या काळात तर हमखास. रेल्वे आपले सुधारित वेळापत्रक संबंधित आगारांना किती दिवस आधी कळवते, हा प्रश्न मात्र रेल्वेमंत्र्यांना विचारता येईल, कारण कळवणे हे रेल्वेचे काम आहे.

लांजेकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. माझ्या तिसऱ्या प्रश्नाविषयी मी दरम्यान थोडे वाचले. राकेश मोहन यांच्या अध्यक्षतेखाली २०१० मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय वाहतूक विकास धोरण समितीने २०१४ मध्ये दिलेल्या अहवालात वाहतुकीची वेगवेगळी मंत्रालये पुढे एका छत्राखाली आणावीत आणि एकत्र नियोजनासाठी स्वतंत्र कार्यालय असावे अशी भूमिका घेतली होती. मंत्रालये आजही वेगळी आहेत. मात्र ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या पीएम गतिशक्ती आराखड्याने रस्ता, रेल्वे, बंदर आणि विमानतळ यांचे नियोजन एकत्र करण्याचे काम अंगावर घेतले आहे. म्हणजे चौघांचा प्रवास एकत्र पाहण्याची जबाबदारी कागदावर तरी कोणीतरी स्वीकारली आहे. त्यावरून हा मसुदा केला आहे, कृपया तपासून द्यावा.

‘मंत्री महोदय पुढील बाबींचा खुलासा करतील काय : (१) पीएम गतिशक्ती आराखड्यात रत्नागिरी जिल्ह्यातील रेल्वे स्थानके राष्ट्रीय महामार्गाला जोडणाऱ्या रस्त्यांची नोंद आहे काय, (२) असल्यास, आडवली आणि विलवडे या स्थानकांच्या जोडरस्त्यांची सद्यःस्थिती काय आहे, (३) कोकणातील जनतेची वर्षानुवर्षे होणारी गैरसोय लक्षात घेता शासन याबाबत गंभीर आहे काय, आणि (४) ही कामे कधीपर्यंत पूर्ण होतील?’

पटलवाचक

मसुदा चांगला आहे, तीन दुरुस्त्या सुचवतो. तिसरा भाग पूर्ण काढावा. त्यात मत मागितलेले आहे आणि त्या एका वाक्यामुळे सगळा प्रश्न परत येऊ शकतो. चौथ्या भागात ‘कधीपर्यंत’ याऐवजी ‘या कामांसाठी कोणत्या यंत्रणेला, कोणत्या दिनांकाच्या आदेशाने जबाबदार धरले आहे आणि चालू आर्थिक वर्षात किती निधी दिला आहे’ असे लिहावे. तारीख विचारली की अपेक्षित तारीख मिळते, आदेश विचारला की तो आहे किंवा नाही एवढेच सांगावे लागते. आणि प्रश्न वाणिज्य आणि उद्योग मंत्र्यांच्या नावे करावा, कारण गतिशक्तीचे समन्वयाचे काम त्या मंत्रालयाच्या उद्योग संवर्धन विभागाकडे आहे. रेल्वेमंत्र्यांकडे दिल्यास तो तिकडे वर्ग होण्यात दिवस जातील. सूचना पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचे उत्तराचे वार ठरलेले असतात, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात हा कागद खासदारांच्या कार्यालयात पोहोचवून पोच घ्यावी. आश्वासनांची यादीही सोबत जोडावी.